‘टेक टू वन्स हील्स’ : पळ काढण्याचे इंग्रजी कसे वापरावे

धिरयोच्या, म्हणजे पाड्यांच्या (बैलांच्या) झुंजीच्या, शेतात पोलिसांची जीप उतरताना दिसली की पुढे काय होते, हे गोव्यात राहणाऱ्याला वर्णन करून सांगावे लागत नाही. न्यायालयाची बंदी असूनही कापणी झालेल्या एखाद्या शेतात दोन पाडे एकमेकांना भिडलेले असतात, बांधावर शे-दोनशे माणसे उभी असतात, आणि ‘पोलीस’ हा एकच शब्द कानावर पडताच त्या माणसांच्या जागी नुसत्या चपला उरतात. दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रात ‘पोलिसांना पाहताच प्रेक्षकांनी धूम ठोकली’ असे छापून येते, आणि इंग्रजी वर्तमानपत्रात त्याच जागी ‘द स्पेक्टेटर्स टुक टू देअर हील्स’ असे वाक्य असते. फोंड्यात मी ज्या मुलांना इंग्रजी शिकवतो, त्यांतील बहुतेकांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेले असते आणि पाचवीपासून ती इंग्रजी माध्यमात जातात. त्यांच्यापैकी एकाने या वाक्याचे भाषांतर ‘प्रेक्षकांनी आपल्या टाचा घेतल्या’ असे केले. दुसऱ्याने ‘प्रेक्षकांवर टाच आणली’ असे लिहिले. त्याचे वडील न्यायालयात कारकून आहेत, त्यामुळे टाच म्हणजे जप्ती हा अर्थ त्याच्या घरात रोजच्या वापरातला होता. दोन्ही उत्तरे चुकीची असली तरी आळशी नव्हती, आणि त्या दोघांना जे समजावून सांगावे लागले तेच येथे थोडे विस्ताराने मांडले आहे.

समोर उभ्या ठाकलेल्या धोक्यापासून एकाएकी, स्वतःच्या पायांनी पळत सुटणे, हा या वाक्प्रचाराचा अर्थ. तो कोणत्याही शब्दकोशात मिळतो. वापर साधण्यासाठी मात्र आधी ‘टेक टू’ या जोडीकडे पाहावे लागते. ‘टेक’ म्हणजे घेणे हे इतके घट्ट पाठ झालेले असते की त्याच्या मागे उभा असलेला ‘टू’ विद्यार्थ्याला दिसतच नाही. ‘टेक टू’चा एक जुना अर्थ ‘आश्रयाला जाणे, आधारासाठी एखाद्या गोष्टीकडे वळणे’ असा आहे. जहाज बुडू लागले की खलाशी ‘टेक टू द बोट्स’ करतात, म्हणजे होड्यांचा आसरा घेतात. बंडखोर ‘टेक टू द हिल्स’ करतात, म्हणजे डोंगर जवळ करतात. तापाने फणफणलेला माणूस ‘टेक्स टू हिज बेड’, म्हणजे अंथरूण धरतो. गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याच्या बंडांविषयी ज्याला इंग्रजीत लिहायचे आहे, त्याला यांतील दुसरा प्रयोग हमखास लागेल. याच रांगेत ‘हील्स’ ठेवून पाहिले की वाक्प्रचार आपोआप उलगडतो. ज्याच्याजवळ होडी नाही, ज्याच्या आसपास डोंगर नाही आणि ज्याच्या हातात काठीही नाही, तो शेवटी आपल्या टाचांच्याच आश्रयाला जातो.

टाचाच का, पाय का नाहीत, असा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. पाठलाग करणाऱ्याला पळणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसतात त्या एकामागून एक वर उचलल्या जाणाऱ्या टाचा. मराठीला हे चित्र नवे नाही. ‘ढुंगणाला पाय लावून पळणे’ हा प्रयोग शिष्ट लेखनात सहसा येत नाही, आणि वर्गात उच्चारला तर पुढची पाच मिनिटे हसण्यात जातात. पण वेगाने पळताना पायाचा जो भाग तेथे लागतो तो टाचेचाच असतो. इंग्रजीने टाच सांगितली आणि ती कुठे लागते ते सांगितले नाही; मराठीने नेमके उलट केले. गोव्यातील जुन्या पिढीच्या कानावर पडलेल्या पोर्तुगीजमध्ये याच अर्थाने ‘दार आ सोला’ असा प्रयोग आहे आणि त्यात तळव्याचा उल्लेख येतो. त्याच भाषेतील ‘पेर्नाश, पारा के ते केरु’ हा दुसरा प्रयोग तर मला फारच आवडतो. ‘पायांनो, तुम्ही मला हवेत तरी कशासाठी’ असे पळणारा माणूस स्वतःच्याच पायांना विचारतो, आणि तेही पाय अनेकवचनी व सर्वनाम एकवचनी ठेवून. घाईत व्याकरण सुटले असावे असे वाटण्याइतका तो प्रयोग जिवंत आहे.

‘टू’ हा शब्द या वाक्प्रचारात नेहमीच होता असे नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकातील नोकर मालकाचा मार चुकवताना ‘आय विल टेक माय हील्स’ असेच म्हणतो. आज मात्र ‘टू’ वगळून लिहिल्यास ती चूकच मानली जाते, आणि परीक्षकापुढे शेक्सपिअरचा दाखला देऊन गुण परत मिळत नाहीत.

व्याकरणाचे चार खटके

या वाक्प्रचारातील ‘वन्स’ हा शब्द केवळ जागा राखणारा आहे. प्रत्यक्ष वाक्यात त्या जागी कर्त्याशी जुळणारे स्वामित्वदर्शक सर्वनाम येते : ‘आय टुक टू माय हील्स’, ‘शी टुक टू हर हील्स’, ‘द बॉइज टुक टू देअर हील्स’. मराठीतील ‘आपल्या’ हा शब्द सर्व पुरुषांना आणि सर्व वचनांना पुरतो, त्यामुळे मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला येथे सर्वनाम बदलावे लागते हे लक्षातच राहत नाही, आणि ‘द बॉइज टुक टू हिज हील्स’ असे वाक्य उतरते. मग एकाच माणसाच्या टाचा घेऊन सगळी पोरे पळाली असे काहीतरी विचित्र चित्र उभे राहते.

‘हील्स’ नेहमी अनेकवचनी असते, एकटा माणूस पळाला तरीही. त्याच्या आधी ‘द’ लागत नाही. हा प्रयोग कर्मणी करता येत नाही. ‘हील्स वेअर टेकन टू’ असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही. आणि याच्या शेजारी ‘रन’ हे क्रियापद पुन्हा लिहू नये. ‘ही टुक टू हिज हील्स अँड रॅन अवे’ हे वाक्य ‘त्याने धूम ठोकली आणि तो पळाला’ या वाक्याइतकेच फुगलेले आहे. कुठे पळाला हे सांगायचे असेल तर वाक्प्रचाराच्या पुढे दिशा जोडता येते, उदाहरणार्थ ‘टुक टू हिज हील्स डाउन द लेन’, पण अनुभव असा आहे की हा वाक्प्रचार दिशेविना अधिक ठसठशीत दिसतो. तो पळण्याची सुरुवात दाखवतो. पोहोचण्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. म्हणूनच त्याच्या आधी बहुधा कारण येते. बोंडल्याच्या वाटेवर समोर गवा उभा राहिला, कुंपणापलीकडून कुत्रा भुंकत आला, फांदीवरचे मोहोळ उठले, आणि लगोलग टाचा. ‘ॲज सून ॲज’, ‘ऑन सीइंग’, ‘ॲट द साइट ऑफ’ असे तुकडे या वाक्प्रचाराच्या आधी जोडून पाहावेत. वाक्य नीट बसले तर प्रयोग योग्य ठिकाणी आला आहे असे समजण्यास हरकत नाही.

टाचा असलेले आणखी काही वाक्प्रचार इंग्रजीत आहेत आणि त्यांची सरमिसळ होते, म्हणून एका दमात सांगून टाकतो. ‘कूल वन्स हील्स’ म्हणजे कोणाच्या तरी दारात तिष्ठत बसणे, ‘डिग इन वन्स हील्स’ म्हणजे हट्टाने पाय रोवून उभे राहणे, ‘ऑन द हील्स ऑफ’ म्हणजे पाठोपाठ, आणि ‘डाउन ॲट हील’ म्हणजे झिजलेल्या चपलेसारखी कळा आलेला. यांतील एकातही पळणे नाही.

कोण पळाला आणि कसा पळाला

खरी अडचण व्याकरणात नसून निवडीत आहे. मराठीत आपण ‘पळाला’ हे एकच क्रियापद चोराला, कैद्याला, सैन्याला, कर्जबुडव्याला आणि लग्नातून लवकर निघालेल्या पाहुण्यालाही लावतो. इंग्रजी तेथे प्रत्येकाला वेगळा शब्द देते. ‘टेक टू वन्स हील्स’ वापरण्यापूर्वी मी मुलांना डोळे मिटून प्रसंग पाहायला सांगतो. पाय धावताना दिसतात का, भीती ताजी आहे का, आणि ते सारे पाहणारे कोणी तेथे आहे का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले तरच टाचांना हात लावावा.

पर्वरीतील एक प्रसिद्ध प्रसंग या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे. चार्ल्स शोभराज १६ मार्च १९८६ रोजी दिल्लीच्या तिहार तुरुंगातून निसटला आणि तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ या उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी त्याला पकडले. या घटनेवर वर्गात निबंध लिहायला दिला की निम्मी मुले ‘ही टुक टू हिज हील्स फ्रॉम तिहार’ असे लिहितात. पण तो तिहारमधून धावत सुटला नव्हता. वाढदिवसाची मिठाई म्हणून पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध चारून तो साथीदारांसह तुरुंगाच्या दारातून बाहेर पडला; त्या क्षणी पाठलाग नव्हता, धावपळ नव्हती आणि पाहणारे तर झोपलेले होते. येथे इंग्रजीला ‘एस्केप्ड’ किंवा ‘ब्रोक आउट’ हवे. त्यानंतरच्या तीन आठवड्यांसाठी ‘ऑन द रन’ हवे, ज्याला आपण फरार असणे म्हणतो. आणि पर्वरीच्या टेबलावर त्याला घेरले गेले तेव्हा तो उठून दाराकडे धावला असता, तर केवळ त्या एका क्षणासाठी ‘टुक टू हिज हील्स’ शोभले असते. तसे झाले नाही, म्हणून संपूर्ण निबंधात या वाक्प्रचाराला जागाच नाही. गोव्यातील सर्वांत गाजलेल्या फरारी माणसाच्या कथेत पळण्याचा सर्वांत लोकप्रिय वाक्प्रचार बसत नाही, हे मुलांना आधी पटत नाही आणि मग ते विसरत नाहीत.

सैन्याच्या बाबतीत याहून अधिक सांभाळावे लागते, आणि येथे आमच्या फोंड्याचाच इतिहास कामास येतो. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, पण संभाजी महाराज कुमक घेऊन आल्यावर त्याला वेढा उठवून परत फिरावे लागले. सेनापतीने विचार करून, आज्ञा देऊन सैन्य मागे घेतले की त्यास माघार म्हणतात, आणि इंग्रजीत ‘रिट्रीट’. त्याच महिन्याच्या अखेरीस मराठ्यांनी जुवे बेट, म्हणजे सांतु एस्तेव्ह, एका रात्रीत जिंकले. ते परत घेण्यासाठी व्हाइसरॉय स्वतः गेला, तेव्हा मात्र त्याच्या शिपायांची फळी मोडली, ज्याला जशी वाट सापडली तसा तो पाण्याच्या दिशेने धावला, आणि खुद्द व्हाइसरॉय कसाबसा जीव वाचवून परतला. या दुसऱ्या प्रसंगी ‘द सोल्जर्स टुक टू देअर हील्स’ अगदी चपखल बसते. एकाच सेनापतीच्या एकाच महिन्यातील या दोन हालचाली आहेत. पहिलीला टाचा लावल्या तर तो इतिहासाशी अन्याय होईल, आणि दुसरीला ‘रिट्रीट’ म्हटले तर ती व्हाइसरॉयवर नको तेवढी मेहेरबानी ठरेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा याने जे केले ते या दोहोंपेक्षा निराळे. शेवटपर्यंत लढण्याचा पोर्तुगालचा सत्ताधीश सालाझार याचा हुकूम असतानाही त्याने शरणागती पत्करली, आणि शरणागतीला इंग्रजीत ‘सरेंडर’ म्हणतात. मुक्तिदिनाच्या भाषणांत आपली मुले ‘पोर्तुगीज टुक टू देअर हील्स’ असे मोठ्या आवेशाने म्हणतात आणि टाळ्याही मिळवतात. भाषणात ते चालून जाते. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत चालू नये.

आता वाहनाचा प्रश्न. पणजीत हेल्मेटची तपासणी चालू असल्याचे दुरून दिसताच स्कूटर वळवून उलट दिशेने निघून जाणाऱ्याला ‘टुक टू हिज हील्स’ म्हणावे का? माझे मत स्पष्ट आहे : म्हणू नये. ज्याने टाचांऐवजी पेट्रोलचा आश्रय घेतला आहे, त्याच्यासाठी ‘स्पेड ऑफ’ हे साधे क्रियापद पुरते. काही इंग्रजी लेखक वाहनासाठीही हा वाक्प्रचार सैलपणे वापरतात. पण शिकणाऱ्याने सैलपणा उचलण्याआधी नेमकेपणा उचलावा. त्याच माणसाने स्कूटर रस्त्यावरच टाकून बाजूच्या गल्लीत धाव घेतली, तर टाचांचा हक्क त्याला ताबडतोब मिळतो.

शेजारचे वाक्प्रचार

‘कट अँड रन’ हा या घराण्यातील सर्वांत श्रीमंत वाक्प्रचार आहे, आणि मुरगाव बंदर पाहिलेल्या मुलाला तो समजावणे सोपे जाते. शिडाच्या जहाजांच्या काळात नांगर तागाच्या जाड दोराला बांधलेला असे, आणि तो वर ओढायचा तर अनेक खलाशांना मोठे चक्र फिरवत बराच वेळ घाम गाळावा लागे. शत्रू अंगावर आला की तेवढी सवड कुठली? मग कुऱ्हाडीने दोर तोडायचा, नांगर समुद्राच्या तळाशी सोडून द्यायचा आणि वारा भरेल तिकडे जहाज हाकारायचे. ‘कट’ म्हणजे तो दोर तोडणे आणि ‘रन’ म्हणजे वाऱ्यापुढे जहाज पळवणे. यातून आजचा अर्थ आला : अडचणीत सापडलेले काम, माणसे किंवा जबाबदारी तशीच टाकून स्वतःची सुटका करून घेणे. इराक युद्ध चालू असताना २००६ मध्ये अमेरिकेत सैन्य परत बोलावण्याची मागणी करणाऱ्यांना विरोधकांनी याच शब्दांनी डिवचले होते. त्यामुळे या वाक्प्रचारात दूषण आहे हे ध्यानात ठेवावे. कोणी स्वतःविषयी अभिमानाने तो वापरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर अर्धा रस्ता खणून नाहीशा झालेल्या कंत्राटदाराला ‘टुक टू हिज हील्स’ लावू नये, कारण त्याला धावताना कोणी पाहिलेले नाही. त्याला ‘कट अँड रॅन’ लावावे.

येथे मराठी वाचकाला एक ठेच लागते, आणि ती लागली नाही तरच नवल. आपल्या मनात ‘दोर कापणे’ म्हटले की सूर्याजी मालुसरे उभा राहतो. १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापल्याचे सांगून त्यांना पुन्हा लढाईत लोटले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत; ‘परतीचे दोर कापणे’ हा मराठी वाक्प्रचार तेथूनच आला. इंग्रज खलाशी पळता यावे म्हणून दोर तोडतो, तर मराठी गडी पळता येऊ नये म्हणून. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘कट अँड रन’चा अर्थ ‘निकराने लढणे’ असा लिहिला होता आणि कारण विचारल्यावर तिने सूर्याजीचेच नाव घेतले. गुण मला कापावे लागले, पण पेन बराच वेळ थांबले. परतीचे दोर कापण्यासाठी इंग्रजीत ‘बर्न वन्स बोट्स’ असा प्रयोग आहे, म्हणजे परतण्याच्या होड्याच जाळून टाकणे.

‘टर्न टेल’ समजण्यासाठी पुन्हा धिरयोच्या बांधावर जावे लागते. दोन पाड्यांपैकी जो शिंगे सोडवून पाठ फिरवतो आणि शेपूट दाखवत निघतो तो हरला, हा त्या खेळाचा नियम. इंग्रजी वाक्प्रचारातही जनावराचे तेच पाठ फिरवणे आहे. आपले ‘पाठ दाखवणे’ आणि ‘शेपूट घालणे’ त्याच्या अगदी जवळ येतात. ‘टेक टू वन्स हील्स’मध्ये भीती असते, पण भ्याडपणाचा आरोप असतोच असे नाही; गव्यापुढून पळणारा भ्याड नसतो, शहाणा असतो. ‘टर्न टेल’मध्ये मात्र आरोप पक्का आहे, कारण त्याला आधी सामना गृहीत धरलेला असतो.

‘बीट अ रिट्रीट’मधला ‘बीट’ म्हणजे मारणे नव्हे, नगारा वाजवणे. सैन्याला परत फिरण्याची खूण पूर्वी नगाऱ्यावर दिली जाई, आणि दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या समारंभाच्या नावात तीच आठवण टिकून आहे. रोजच्या इंग्रजीत ‘बीट अ हेस्टी रिट्रीट’ म्हणजे आपले ‘काढता पाय घेणे’. देवळाच्या महाजनांच्या सभेत हिशेबाचा विषय निघताच एखादे गृहस्थ घड्याळाकडे पाहून उठतात, त्यांच्यासाठी हा प्रयोग योग्य. ते धावत नाहीत. उलट, घाई नाही असे दाखवण्याचीच त्यांची धडपड असते.

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पोटभर खाऊन बिल न देता पसार होणाऱ्या पर्यटकांसाठी ब्रिटिश बोलीत ‘डू अ रनर’ असे म्हणतात. पायलटच्या, म्हणजे भाड्याने माणसे नेणाऱ्या चालकाच्या, मोटारसायकलवरून उतरून भाडे न देता गर्दीत मिसळणाऱ्यालाही ते लागू पडते. हा शब्द बोलण्यातला आहे. अर्जात किंवा तक्रारीत लिहू नये. ‘शो अ क्लीन पेअर ऑफ हील्स’ यात टाचा असल्या तरी पळपुटेपणा बहुधा नसतो, कारण शर्यतीत सर्वांना मागे टाकणाऱ्याचे ते कौतुक आहे. आणि ‘टेक फ्रेंच लीव्ह’ म्हणजे न सांगता निघून जाणे किंवा परवानगीवाचून गैरहजर राहणे. यजमानांना न विचारता सटकण्याचा हा दोष इंग्रजांनी फ्रेंचांच्या माथी मारला, फ्रेंचांनी तो इंग्रजांवर उलटवला, आणि पोर्तुगीजांनीही ‘साइर आ फ्रांसेझा’ म्हणून फ्रेंचांनाच दोष दिला.

मराठीतून इंग्रजीत जाताना

उलट दिशेचा प्रवास अधिक कठीण, कारण पळण्याच्या बाबतीत मराठी कंजूष नाही. धूम ठोकणे, पोबारा करणे, सूंबाल्या करणे आणि पळ काढणे या चौघांना ‘टेक टू वन्स हील्स’ बहुतेक ठिकाणी चालते. तरी प्रत्येकाचा रंग निराळा आहे. पोबाऱ्यात थोडी चलाखी आहे. तो शब्द सोंगट्यांच्या खेळातील पौबाराच्या दानाची आठवण देतो, आणि हाती काही लागल्यावर पळणाऱ्याला तो जास्त शोभतो. म्हणून ‘चोरट्यांनी दागिने घेऊन पोबारा केला’ याचे इंग्रजी करताना टाचा बाजूला ठेवून ‘मेड ऑफ विथ द ज्वेलरी’ असे लिहावे. ‘मेक ऑफ विथ’मध्ये पळणे आणि घेऊन जाणे दोन्ही येतात. ‘गाशा गुंडाळणे’ याला पायांशी काही देणेघेणे नाही, त्यामुळे तेथे ‘पॅक अप अँड लीव्ह’. ‘पळता भुई थोडी होणे’ यात पळणाऱ्यापेक्षा पळवणाऱ्याचा पराक्रम मोठा असतो. त्यासाठी कर्ता बदलावा लागतो आणि ‘सेंट देम रनिंग फॉर देअर लाइव्ह्ज’ अशी रचना करावी लागते. ‘यः पलायति स जीवति’ या वचनातून आपण ‘यःपलायन’ असा चेष्टेचा शब्द घडवला, त्यातील संस्कृतचा खोटा भारदस्तपणा इंग्रजीत आणण्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही. ‘डिस्क्रीशन इज द बेटर पार्ट ऑफ व्हॅलर’ त्याच्या आसपास जाते, पण त्यात आपले हसू राहत नाही.

लेखनाचा प्रकारही पाहावा लागतो. ‘टेक टू वन्स हील्स’मध्ये हलक्या विनोदाची एक छटा असते, कारण वाचकाला धावणाऱ्या टाचा दिसतात आणि त्या दृश्यात काहीतरी गमतीचे असतेच. कथेत, पत्रात, बातमीत ती छटा शोभते. पोलीस ठाण्यात द्यायच्या तक्रारीत ‘फ्लेड’ हा एकशब्दी पर्याय पुरेसा आणि सुरक्षित असतो, तर समन्स चुकवून महिनोन्महिने न सापडणाऱ्यासाठी ‘ॲब्स्काँडिंग’ हा कायद्याचा शब्द तयार आहे. पण दरड कोसळून किंवा आग लागून ज्यांना घरेदारे सोडावी लागली, त्यांच्याविषयी टाचांची भाषा करू नये. काही वर्षांपूर्वी पुराच्या बातमीचा सराव म्हणून मी मुलांकडून एक परिच्छेद लिहून घेतला होता, आणि त्यात एका मुलाने ‘ओल्ड विमेन टुक टू देअर हील्स’ असे लिहिले. व्याकरणात एकही चूक नव्हती. तरीही ते वाक्य मी खोडले आणि त्याला विचारले की त्यातली म्हातारी तुझी आजी असती तर तू असे लिहिले असतेस का. त्याने थोडा वेळ विचार करून ‘वेअर फोर्स्ड टू फ्ली’ असे केले.

जाता जाता एक इशारा, जो इंग्रजीविषयी नसला तरी भाषांतर करणाऱ्याला गोव्यात उपयोगी पडतो. कोकणीत ‘पळय’ म्हणजे ‘बघ’. कोल्हापूर-सांगलीकडून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहिल्यांदा आलेल्या माणसाला मासळीवालीने ‘पळय, पळय’ म्हटले की तो आधी मागे वळून पाहतो, कोण अंगावर येत आहे ते. साक्षीदाराचे कोकणी निवेदन मराठीतून इंग्रजीत नेणाऱ्याने येथे थांबून खात्री करून घ्यावी. ‘ताणें पळयलें’ म्हणजे त्याने पाहिले, आणि त्याला ‘सॉ’ लावायचे; ‘तो पळून गेलो’ असेल तरच टाचांचा विचार करायचा. एकाच बातमीत ही दोन्ही वाक्ये लागोपाठ येऊ शकतात, कारण धिरयोच्या शेतात माणूस आधी पोलिसांना पळयता आणि मग पळतो.